विटकरी रंग

माझ्या जिभेला धार आहे हे मला लहानपणीच कळलं होतं, आणि पुढं मी तिचा पगारी उपयोग केला. उस्मानपुऱ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वीसेक वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आहे. मुलं मला घाबरतात, पालकांना ते आवडतं, आणि प्राचार्यांना माझ्या वर्गाकडं फिरकावं लागत नाही. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते, असं स्टाफरूममध्ये कौतुकानं म्हणतात. ती टाचणी बहुतेक वेळा मी कुणाला तरी टोचलेली असते.

हे लिहिते आहे ते काही वर्षांपूर्वीच्या बारावीतल्या एका मुलीबद्दल. तिच्या अंगात साखर चढत होती आणि त्यात तिचा जीव जाऊ शकत होता. डॉक्टरांच्या, तिच्या आईच्या, खुद्द तिच्याही आधी हे मला कळलं. एका शुक्रवारी दुपारी, माझ्या हातातल्या नळीत. मी ते कुणालाही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते सांगते.

बारावीच्या जर्नलात एक प्रयोग असतो. लघवीच्या नमुन्यात साखर आहे का, प्रथिन आहे का, हे तपासायचं. साखरेसाठी बेनेडिक्टचं द्रावण वापरतात. ते मोरचुदासारखं निळं असतं, कारण त्यात मोरचूदच असतं. त्यात नमुन्याचे आठ-दहा थेंब टाकायचे आणि नळी उकळत्या पाण्यात धरायची. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवं होतं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि भरपूर असेल तर विटकरी लाल. ग्लुकोज तांब्याला इलेक्ट्रॉन देतं, तांब्याचं रूप बदलतं, आणि विटेच्या भुकटीसारखा गाळ खाली बसतो. सगळ्या प्रात्यक्षिकांत हे एक दिसायला सुंदर आहे.

फक्त या प्रयोगाला लघवी कुणी वापरत नाही. आमच्याकडं नाही, आणि मला माहीत असलेल्या इतर कॉलेजांतही नाही. लॅबमधल्या मावशी सकाळी चहाच्या फिकट पाण्यानं तीन बाटल्या भरतात. पहिलीत मेडिकलमधली ग्लुकोजची पावडर दोन चमचे, दुसरीत अंड्याचा पांढरा बलक, तिसरीत काही नाही. मुलं पहिली उकळतात, लाल रंग येतो, फोटो काढतात. पुष्कळजण तेवढंही करत नाहीत. मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल मिळतं, त्यात 'विटकरी लाल, साखर आहे' असं लिहिलेलं असतं, ते उतरवलं की झालं. ही साखर कोणत्या रोग्याची, असं इतक्या वर्षांत मला एकाही मुलानं विचारलं नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

ती मुलगी बारावीत आली त्याच्या आदल्या वर्षी बोर्डाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्या एका मुलाला विचारलं, लघवीला वास कसा असतो? तो म्हणाला, चहासारखा. परीक्षक जेवताना हा किस्सा सगळ्यांना ऐकवत राहिले आणि मी ताटातली बटाट्याची भाजी चिवडत बसले. त्या दिवशी मी ठरवलं की पुढच्या वर्षी खरं काम करायचं. प्रत्येकानं आपापला नमुना घरून आणायचा, आणि जे दिसेल तेच लिहायचं. मला खरेपणाचा झटका आला होता. माझ्यासारख्या बाईला असा झटका आला की दुसऱ्यांनी सांभाळून राहावं.

वर्गात मी हे जाहीर केलं तेव्हा मुलगे खिदळले आणि मुलींनी माना खाली घातल्या. मी म्हणाले, सगळ्यांच्या मूत्रपिंडात युरियाच गाळला जातो, कुणाच्या अत्तर गाळलं जात नाही. बुधवारी तीस बाटल्या आल्या. खोकल्याच्या औषधाच्या, कानाच्या ड्रॉपच्या, एक तर चक्क नेलपॉलिशची. त्यातल्या निम्म्याहून जास्त बाटल्यांत हळदीचं पाणी नाहीतर कोरा चहा होता. पोरांना लाज वाटली होती, एवढंच. हे मला पुढं उन्हाळ्यात त्यांच्यातलीच एक पेढे द्यायला आली, तिनं हसत हसत सांगितलं. त्या बुधवारी मात्र मी तीस खऱ्या नमुन्यांसमोर ताठ मानेनं उभी होते.

एकोणतीस नळ्या निळ्या राहिल्या. सतरा नंबरची लाल झाली.

सतरा नंबर म्हणजे मुकुंदवाडीची मुलगी. वडील बिडकीनकडच्या एका कंपनीत कंत्राटावर होते, आई घरी साड्यांना फॉल-पिको करायची. ती मधल्या बाकावर बसायची, अक्षर मोत्यासारखं, आवाज जवळजवळ नाहीच. तिला नर्सिंगला जायचं होतं. दिवाळीनंतर ती माझ्या नजरेत खुपायला लागली होती. दोन लिटरची बाटली घेऊन वर्गात बसायची आणि तास संपायच्या आत ती रिकामी करायची. मी एकदा विचारलं होतं, तुझ्यासाठी वर्गात बोअर घ्यायची का? सगळे हसले. दर तासाला एकदा तरी बाहेर जायची परवानगी मागायची. मी तिला दारापाशी उभं करून विचारलं होतं, तिकडं कुणी भेटायला येतं का? त्यावर जास्त हसले. अंगावरचा ड्रेस ढगळ दिसायला लागला तेव्हा मी म्हटलं होतं की बारावीच्या वर्षात डाएट करणाऱ्या हिरॉइनींना नर्सिंगला घेत नाहीत. ती प्रत्येक वेळी थोडं हसायची. मार चुकवायला माणूस हसतं, तसं.

आता माझ्याच फळ्यावरचा धडा सांगते, म्हणजे माझी लायकी कळेल. भाकरी पचली की शेवटी तिचं ग्लुकोज होतं. ते रक्तातून प्रत्येक पेशीच्या दाराशी पोचतं, पण दार आपोआप उघडत नाही. स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचं एक छोटंसं प्रथिन येतं, ते पेशीला खूण करतं, तेव्हा साखर आत जाते. काही मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीर स्वतःच मारून टाकतं. मग रक्तात साखर तुंबते आणि पेशी उपाशी राहतात. दुकान धान्यानं भरलेलं आणि घरात चूल थंड, तशी गत. मूत्रपिंड जमेल तितकी साखर परत ओढून घेतं, पण फार झाली की ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी घेऊन जाते. म्हणून तहान लागते, म्हणून सारखं बाहेर जावं लागतं. उपाशी शरीर चरबी जाळतं, स्नायू मोडतं, म्हणून कपडे ढगळ होतात. हे सगळं मी दर वर्षी बाण काढून शिकवते. त्या वर्षी दिवाळीच्या आधीच शिकवून झालं होतं, आणि तिनं ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं होतं.

तरीही लाल नळी पाहून माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हिनं साखर टाकून आणली. मागच्या वर्षीच्या जर्नलात लाल उत्तर आहे, लाल आलं की पूर्ण मार्क मिळतात असं हिनं ऐकलंय, म्हणून घरून दोन चमचे टाकून आणले. आमच्या लॅबमध्ये लाल रंग इतकी वर्षं पावडरीतूनच येत होता. तो माणसातून येऊ शकतो हे मी शिकवत होते, पण माझा त्यावर विश्वास नव्हता.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. आमचं घराणं पैठण तालुक्यातलं, जमीनजुमला असलेलं. ती बौद्ध घरातली. मी जात मानत नाही असं सगळीकडं सांगत आले. पण पुढच्या बाकावरच्या आमच्या पाहुण्यातल्या मुलीची नळी लाल झाली असती, तर मी पहिल्यांदा तिच्या आईला फोन केला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे.

मी तिला टेबलापाशी बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "साखर घरून आणलीस की कॅन्टीनमधून?"

"नाय मॅडम," ती म्हणाली. "मी काहीच नाय टाकलं."

मग मी अर्धा तास बोलले. विज्ञानात खोटेपणा म्हणजे काय, असल्या हातांनी उद्या रोग्यांना सुया टोचणार का, एकोणतीस जणांनी प्रामाणिक काम केलं आणि एकीनं माती खाल्ली. समोर कोऱ्या चहाच्या बाटल्या घेऊन बसलेली पोरं गंभीर चेहऱ्यानं ऐकत होती. तिच्या जर्नलात त्या प्रयोगाच्या पानावर मी लाल पेननं इंग्रजीत लिहिलं की नमुना बनावट, प्रयोग अमान्य, आणि खाली सही केली. गुरुवारी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी सोमवारी पालकांना घेऊन यायची चिठ्ठी तिच्या हातात दिली.

तेवढ्यावर थांबले असते तर ती मी नव्हते. शुक्रवारी दुपारी मी तिला पुन्हा लॅबमध्ये बोलावलं. मला तिला पुराव्यानिशी पकडायचं होतं. मावशींना सांगितलं, हिचे खिसे बघा, ओढणी झटका, पिशवी इथंच ठेवू द्या, तुम्ही धुतलेली बाटली द्या आणि बाथरूमच्या दाराशी उभ्या राहा. मावशी पन्नाशीच्या, त्याही मुकुंदवाडीच्याच. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सांगितलेलं सगळं केलं. मुलगी हात बाजूला धरून उभी राहिली. ती माझ्या जवळून गेली तेव्हा तिच्या श्वासाला नासक्या फळासारखा गोडसर वास आला. चरबी घाईघाईनं जळायला लागली की शरीरात आम्लं तयार होतात, रक्त आंबटतं आणि श्वासाला असा वास येतो. हेही मी शिकवते. मी तिला विचारलं, सेंट मारून आलीस का?

नमुना मी स्वतः उकळला. निळं हिरवं झालं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि मिनिटभरात खाली विटकरी गाळ बसला. हे रंग मी शेकडो वेळा पाहिले होते. हातातली नळी जड वाटायला लागली, म्हणून मी ती स्टँडमध्ये ठेवली.

मावशी बर्नर बंद करत म्हणाल्या, "मॅडम, म्या दारातच हुबी व्हते. पोरीनं काय बी टाकलं नाय."

मी स्टँडमधली नळी उजेडाकडं वळवली.

"माझ्या सासऱ्याला असंच व्हतं. तिला लई साखर हाय. तिच्या आईला सांगा."

तेव्हा मला कळलं होतं. पाणी, बाहेर जाणं, ढगळ कपडे, वास, सगळे बाण एकदम जुळले. त्याच क्षणी मला आणखी काही दिसलं. माझी सही असलेलं ते पान. प्राचार्यांसमोर बोललेले माझे शब्द. सोमवारी येणारे तिचे आईवडील. तीस पोरांसमोरचं माझं अर्ध्या तासाचं भाषण. हे सगळं गिळायचं, आणि तेही एका मावशीच्या सांगण्यावरून. माझ्या घशाखाली ते उतरेना.

मी म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात का? सोमवारी पालक येणारच आहेत. तेव्हा बघू."

मुलगी बाहेर पायरीवर भिंतीला डोकं टेकून बसली होती. मला पाहून उठायला तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

"मॅडम, कोणता रंग आला?"

तिला रोगाबद्दल काही माहीत नव्हतं. तिला फक्त आपण खोटं बोललो नाही हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "सोमवारी कळेल." मग आत जाऊन ती नळी मी स्वतः धुतली. इतक्या वर्षांत लॅबमधलं एकही भांडं मी धुतलं नव्हतं.

शनिवारी आम्ही माहेरच्या शेतात हुरड्याला गेलो. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजत होती, गरम दाणे तळहातावर चोळून फुंकर मारून खायचे, सोबत तिळाची चटणी, रेवड्या, गूळ. भावजयीनं चौथ्यांदा पुढ्यात हुरडा टाकला तेव्हा मला ती मुलगी आठवली. दाण्यातली पिष्टं माझ्या लाळेत मोडत होती, ग्लुकोज होत होती, आणि माझ्या पेशींची दारं व्यवस्थित उघडत होती. मी मनाशी म्हटलं, दोन दिवसांत काही बिघडत नाही. म्हटलं, कदाचित तसं नसेलही. म्हटलं, त्यांच्या घरी कळतच असेल की. मग आणखी गूळ घेतला. लोक म्हणतात मन खातं, पण मला त्या दिवशी भूक छान लागली होती.

तिच्या घरी त्या वेळी काय चाललं होतं ते मला नंतर तिच्या आईकडून कळलं. शनिवारपासून तिला उलट्या सुरू झाल्या. आईला वाटलं, सोमवारच्या भीतीनं पित्त झालंय. कॉलेजनं बोलावलंय म्हणून वडिलांनी तिला रागावून घेतलं होतं. आईनं लिंबू-साखरेचं सरबत पाजलं, दोनदा. रविवारी सकाळी ती धापा टाकायला लागली आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देईना.

सोमवारी पालक आले नाहीत, फोन आला. मुलगी अतिदक्षता विभागात आहे असं कळल्यावर प्राचार्यांनी मला आणि आणखी दोघींना दवाखान्यात पाठवलं. वाटेत आम्ही फळं घेतली. दवाखान्याच्या दारात पिशवीत पाहिलं तर चिकू आणि केळी होती, आणि पैसे मी दिले होते. ती पिशवी मी रिक्षातच ठेवून दिली.

तिची आई बाकड्यावर बसली होती. मला पाहताच उठली आणि माझे दोन्ही हात धरले.

"मॅडम, तुमी मावशीला धाडलं नसतं तर पोरगी हातची गेली व्हती."

मला काही समजेना. मग एकेक करून समजलं. रविवारी सकाळी लॅबमधल्या मावशी चार गल्ल्या ओलांडून त्यांच्या घरी गेल्या होत्या. त्यांनी सांगितलं की मॅडमनं निरोप दिलाय, पोरीची लघवी तपासलीय, साखर लई वाढलीय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मॅडमचं नाव ऐकून वडिलांनी शेजाऱ्याची गाडी मागितली. डॉक्टर म्हणाले होते की संध्याकाळ झाली असती तर काही सांगता आलं नसतं. आई हे सांगत होती आणि खाली वाकत होती. मी तिला वर उठवलं. सोबतच्या दोघी डोळे पुसत होत्या. "अहो, एवढं काय, माझं कामच आहे ते," असं मी म्हणाले. हे वाक्य किती सहज आलं याचं मलाच नवल वाटलं.

काचेतून मुलगी दिसत होती. हाताला सलाइन, ओठ फुटलेले, डोळे उघडे. ती माझ्याकडं पाहत होती. मी हात हलवला. तिनं नजर छताकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कुणी नसताना मी मावशींना गाठलं आणि हळूच विचारलं, कुणाला काही बोललात का?

त्या बाटल्या पुसत होत्या. म्हणाल्या, "कुणाला सांगू? बाईमाणसाचं, त्यात झाडूवालीचं कोण ऐकतं? म्हणून तर तुमचं नाव घेतलं."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. मी त्यांना दिवाळीची म्हणून राहून गेलेली एक साडी देऊ केली. त्या म्हणाल्या, घरी लई हायत.

ही गोष्ट तिथंच विरली असती, पण प्राचार्य उत्साही निघाले. आधी बनावट वाटलं, पण शंका आली म्हणून शुक्रवारी पुन्हा तपासलं, असं मी त्यांना सांगून टाकलं होतं. सतर्क शिक्षिकेमुळं विद्यार्थिनीचा जीव वाचला, असं म्हणत त्यांनी जानेवारीच्या स्नेहसंमेलनात माझा सत्कार करायचं ठरवलं. आदल्या दिवशी मुलीची आई मला भेटायला आली. तिनं एवढंच मागितलं की स्टेजवरून पोरीचं नाव घेऊ नका. अजून पाहुण्यांना सांगितलेलं नाही, इंजेक्शनं घेते हे कळलं तर उद्या लग्नाला कोण उभं राहील? मी म्हणाले, बोलते मी सरांशी. बोलले नाही. नाव न घेता सत्कार झाला असता तर तो अर्धा झाला असता, आणि तोवर मला तो पूर्ण हवा होता.

माइकवरून तिचं नाव घेतलं, आडनाव घेतलं, रोगही सांगितला. मावशी ताटात शाल आणि नारळ घेऊन स्टेजवर आल्या. ते ताट माझ्यापुढं धरून त्या खाली पाहत उभ्या राहिल्या. मग मुलीला दोन शब्द बोलायला बोलावलं. ती बारीक झाली होती, ड्रेस आणखी ढगळ होता. ती म्हणाली, "मॅडमनी माझा नमुना दोन वेळा तपासला." मग माझ्याकडं वळली. "थँक यू मॅडम." टाळ्या वाजल्या. तिच्या बोलण्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्या आठवड्यापासून पोरं तिला 'शुगर' म्हणायला लागली. मी ते कॉरिडॉरमध्ये ऐकलं आणि पुढं गेले.

मग बोर्डाची प्रात्यक्षिकं आली आणि मला ते पान आठवलं. बाहेरचे परीक्षक प्रत्येक जर्नल चाळतात. तिच्या जर्नलात माझ्या सहीनिशी लिहिलेलं होतं की नमुना बनावट आहे. शाल घेतलेली बाई हीच, हे कुणालाही दोन मिनिटांत कळलं असतं. ते पान फाडलं तर क्रमांक तुटतात. खोडून दुरुस्ती करायची म्हटली तर खोडल्याची सही करावी लागते, आणि तेवढी एक सही करायला माझा हात तयार नव्हता.

मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि कोरं जर्नल दिलं. म्हणाले, जुनं फार खराब झालंय, सगळं नव्यानं उतरव, आकृत्यांसकट, आठ दिवसांत. बारावीची परीक्षा तोंडावर होती. ती दिवसातून चार वेळा पोटात सुई टोचत होती, तिचे डोळे अधूनमधून धूसर व्हायचे आणि हात कापायचे. हे तिच्या आईनं मला सांगितलेलं होतं. तिनं काही विचारलं नाही. जुनं जर्नल माझ्यापुढं ठेवलं, नवं घेतलं आणि गेली. जुनं मी घरी नेलं आणि बंबात घातलं.

आठव्या दिवशी ती आली. पेशींच्या आकृत्या, परागकण, वनस्पतींचे छेद, सगळं पुन्हा काढलेलं, अक्षर पहिल्यासारखंच मोत्यासारखं. मी एकेक पान उलटत सह्या करत गेले. लघवीच्या प्रयोगाशी आले. निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं, द्रावण निळंच राहिलं. खाली निष्कर्ष होता की नमुन्यात साखर नाही.

माझं पेन थांबलं. मी वर पाहिलं. स्टाफरूममध्ये दुसऱ्या टेबलावर कुणीतरी पेपर तपासत होतं, म्हणून मी हळूच विचारलं, "हे काय लिहिलंस?"

"बाकी सगळ्यांच्यात निळा हाय मॅडम," ती तितक्याच हळू म्हणाली. "माझ्या एकटीचा लाल दिसला तर बाहेरचे सर तुम्हाला विचारतील. मग तुम्हाला परत खोटं बोलावं लागल."

ती रागावलेली नव्हती. परीक्षेत बरोबर उत्तर लिहून झाल्यावर पोरं थांबतात तशी, हात पाठीमागं बांधून माझ्या सहीची वाट पाहत उभी होती.

मी सही केली. बाकीच्यांच्या जर्नलात होती, तीच मागची तारीख टाकली.